गिझरखालचा पाट

शुद्धलेखनात चुका सापडतील, त्या सांभाळून घ्याव्यात. शाळा मध्येच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

“चाचा, मला एकट्याला कामावर कधी पाठवणार?”

बसूने हे विचारलं तेव्हा मेहबूबचाचा दुकानाच्या पायरीवर दुखरा गुडघा चोळत बसले होते. मिरजेत नळाचं काम निघालं की लोक त्यांचंच नाव घेत. बसू त्यांच्या हाताखाली शिकत होता, आणि आपल्याला आता सगळं येतं असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

“आज जा,” चाचा म्हणाले. “सुवर्णाक्कांच्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायचाय. लेक बाळंत झालीय त्यांची. उद्या बाळ घरी येतंय.”

बसू उडतच गेला.

जुना व्हॉल्व्ह बोअरच्या खाऱ्या पाण्याने गच्च धरला होता. बसूने तो काढला, नवा बसवला, गिझर चालू केला. पाणी तापू लागलं तसं नव्या व्हॉल्व्हच्या तोंडातून टप... टप... सुरू झालं.

“नवा घातला तरी गळतोच?” अक्का दारातून म्हणाल्या. “चाचा आले असते तर बरं झालं असतं बाबा.”

बसूचे कान लाल झाले.

तापलेलं पाणी फुगतं, आणि जास्तीचं पाणी बाहेर पडायला टाकीला ही एकच वाट असते, ती बुजली तर टाकी फुटू शकते, हे चाचांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण अक्का बघत उभ्या होत्या...

त्याने पिशवीतलं एक बूच काढलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडात आवळून बसवलं.

टपटप थांबली.

“आता कसं,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला.

संध्याकाळी चाचांनी विचारलं, “गळतोय का?”

“एक थेंब नाही.”

“तापवून बघितलंस?”

“बघितलं.”

चाचा त्याच्याकडे बघत राहिले...

“छान. मग सकाळी लवकर जा. बाळाच्या आंघोळीचा पाट गिझरखाली तूच मांडून ये.”



चाचांनी डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याच्यापुढे सरकवला.

“खा.”

घास त्याच्या तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो अक्कांच्या घरी पोचला. गिझरचा लाल दिवा लागलेला होता. त्याने आधी बटण बंद केलं. गरम पाण्याचा नळ सोडला आणि पाणी गार येईपर्यंत तिथून हलला नाही. मग बूच काढून पिशवीत टाकलं, गिझर पुन्हा लावला आणि वाट बघत बसला.

टप... टप...

“परत गळायला लागला की रे,” अक्का म्हणाल्या. “काल चांगला होता.”

“काल चांगला नव्हता, अक्का. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. तापताना एवढे थेंब येणारच. येऊ द्यात.”

अक्का आधी थेंबांकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे.

“पुढच्या वेळी चाचांनाच पाठव,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

त्याने थेंबांखाली बादली सरकवली. गिझरखाली पाट मांडला. त्यावर थोडा वेळ स्वतः बसला, आणि मग दुकानात येऊन ते बूच चाचांपुढे ठेवलं.

“अक्का म्हणाल्या, पुढच्या वेळी चाचांनाच पाठव.” सांगताना त्याची मान वर होईना.

चाचांनी त्याच्या खांद्याला लागलेला चुना हाताने झटकला...

“मग पुढच्या वेळीही तूच जा.”