मठाच्या भिंतीवरची बुरशी

“म्हणजे बुरशीलासुद्धा रोग होतो म्हणतोस?”

भालगिरी महाराजांनी विचारलं, तेव्हा त्रिविक्रम मठाच्या भिंतीवर फवारा मारत होता. आंबोलीच्या पावसाने तिथे परातीएवढा काळा डाग धरला होता.

“होतो, महाराज. बुरशीत शिरणारा विषाणू असतो. या फवाऱ्यातला विद्यापीठात मी शोधला. मीच.”

त्रिविक्रम शिष्य होऊन आला, तेव्हा त्याला कोपरा दिला होता. पुढे कोपऱ्याची खोली झाली, खोलीची ओसरी. भजनात आवाज त्याचाच वरचढ, निरूपणात मधेच शंका त्याचीच. आता तर त्याने भाविकांसमोर सांगून टाकलं होतं, जन्माष्टमीला भिंत कोरी दिसेल. बघायला प्राध्यापक मंडळीही बोलावली होती.

जन्माष्टमीची सकाळ उजाडली. डाग जागच्या जागी.

त्रिविक्रमने बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली आणि झाडू उचलला.

“अरे, हे काय?” महाराज दारात उभे होते.

“घासून टाकतो. मंडळी येतील, हसतील मला.”

“तुझा विषाणू मेला का?”

“नाही हो! तो आत शिरलाय. मला वाटलं मारेल, पण तो बुरशीला मारत नाही… तिला नुसतं नरम करतो.”

“नरम म्हणजे?”

“पसरत नाही ती. बाजूच्याला खात नाही. आहे तेवढ्या जागेत गप राहते.”

“आणि शेजारच्या बुरशीला?”

“धागा धाग्याला मिळाला की तिलाही लागण होते. जात जुळायला हवी मात्र. परकी बुरशी धागा भिडला की स्वतःचं टोक मारून टाकते, पण आत घेत नाही.”

“हट्टी आहे.”

“फार!” त्रिविक्रम तळमळून म्हणाला. “औषध दारात उभं, आणि ती घेत नाही!”

महाराज दारातून आत आले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. प्राध्यापक आले होते. त्रिविक्रमने झाडू बादलीत बुडवला.

महाराजांनी तो काढून घेतला. भिंतीजवळ गेले. शिष्याच्या डोक्यावर ठेवावा तसा हात त्या काळ्या डागावर ठेवला. बराच वेळ ठेवला…

“महाराज, हात खराब होईल!”

महाराजांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग उपरण्याला हात पुसला.

“हिला तुझ्यापेक्षा लवकर लागू पडलं रे.”