बकुळीची दोन हजार पाचशे एकवीस फुलं

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. मुलांनो, रागावू नका. गोष्ट मात्र मनापासून लिहिली आहे.

डोंगराच्या कुशीत एक इवलीशी वाडी होती. तिथे मंजुळी नावाची पोरकी मुलगी आत्याजवळ राहायची. तिच्याकडे एकच विटका निळा झगा होता. वाडीत मुली होत्या अकरा. खेळायला जोड्या लावल्या की मंजुळी उरायची. पाच-पाचचे दोन गट केले तरी मंजुळीच उरायची. मग ती बकुळीच्या बनात जाऊन एकटी बसायची.

एका दुपारी फांदीवरून चांदणीएवढी परी उतरली. पंख मोतिया रंगाचे, पायांत दवबिंदूंचे पैंजण. काय हवं, असं तिने विचारलं. मंजुळी हळूच म्हणाली, "खेळायला कुणीतरी."

परीने अट घातली. बनात त्या दिवशी दोन हजार पाचशे एकवीस फुलं पडली होती. त्यांच्या माळा करायच्या, प्रत्येक माळेत फुलं सारखीच. एकही फूल उरता कामा नये, एकही टाकायचं नाही. ऊन उतरायच्या आत जमलं तर इच्छा पुरी होईल. नाही तर परी पुन्हा दिसणार नाही.

मंजुळी आकडा म्हणून टाळी वाजवी, की चिमुकली फुलं तुरुतुरु धावत तितक्या-तितक्यांनी बसत. दोन-दोन बसली, एक उरलं. तीन-तीन बसली, एक उरलं. पार दहापर्यंत दर वेळी एकच उरलं, आणि तेही तेच, चुरगळलेलं तपकिरी फूल. तेरा-तेरा बसवली तर बारा उरली. मंजुळी पन्नासापर्यंत गेली, तरी काही ना काही उरतच होतं.

झाडावरून खारूताई हसली. "अगं वेडाबाई, ते चुरगळलेलं मला दे खायला. बाकीची किती शहाणी आहेत बघ. दोनच्या कर, सातच्या कर, दहाच्या कर, सगळ्या माळा बिनचूक."

ते खरंच होतं. ऊन केशरी झालं होतं. मंजुळीने ते फूल तळहातावर घेतलं.

"मग याने एकट्याने जायचं कुठे?" ती म्हणाली.

इच्छा गेली तर गेली, असं ठरवून मंजुळीने झग्याचा दोरा उसवला आणि आधी तेच फूल ओवलं. त्यामागे दुसरं, तिसरं. दोरा ओढावा तितका लांब होत गेला. शेवटी एकच माळ झाली, आणि खाली काहीच उरलं नव्हतं.

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "काही आकडे असेच असतात, बाळ. त्यांचे सारखे वाटे दोनच तऱ्हेने होतात. एकेक फूल सुटं ठेवायचं, नाही तर सगळ्यांना एकत्र ओवायचं. तू ओवलंस."

एवढं बोलून ती सोनेरी उजेडात विरघळून गेली.

ती लांबलचक माळ वाडीत नेताना मंजुळीला एकटीला पेलवेना. बाकीच्या दहाजणी धावत आल्या, जागोजागी धरून उभ्या राहिल्या, आणि आपोआप मोठं रिंगण झालं. त्या संध्याकाळी कुणी जोड्या लावल्या नाहीत.

एवढं लिहून मी झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कप चहा केला आणि शेजारच्या खोलीत एकटेच राहणाऱ्या भिवसनकाकांचं दार वाजवलं. इथे राहायला आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच.