वैद्यबुवांचा हातगुण

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक म्हातारा वानर वैद्यकी करीत असे. कुणाला काटा रुतो, कुणाचा पाय मुरगळो, सगळे त्याच्याच पिंपळाखाली येत. "वैद्यबुवांच्या हाताला गुण आहे," असे जो तो म्हणे. त्या हातांकडे नीट पाहावे, असे मात्र कुणाच्या मनात येत नसे. त्याच जंगलात एक खार राहत होती. मागच्या वर्षी तिच्या थोरल्या पिल्लाला करवंदीच्या काट्याने ओरखडले. वानराने औषध लावले, तरी जखम सुजली, पिकली, आणि चौथ्या दिवशी पिल्लू गेले. "त्याचं आयुष्यच तेवढं होतं," असे वानर म्हणाला. खारीने ते मुकाट्याने मानले.

यंदा धाकटे पिल्लू फांदीवरून पडले आणि त्याचा पाय सोलवटला. खार त्याला घेऊन पिंपळाखाली आली, तेव्हा वानर एका रानडुकराचे गळू दाबून पू काढत होता. काम आटोपताच त्याने बोटे मांडीला पुसली, वाटलेला दगडीपाला उचलून शेजारच्या सशाच्या फाटक्या कानाला फासला आणि तोच हात पिल्लाकडे पुढे केला. खारीला एकदम आठवले. मागच्या वर्षीही तिच्या आधी असाच कुणीतरी पिकल्या जखमेचा बसला होता.

"वैद्यबुवा, आधी हात धुऊन या," ती म्हणाली.

वानराच्या भुवया चढल्या. "याच हातांनी तुझ्या आजीचं बाळंतपण केलंय मी. आता तू मला शिकवणार?"

"ताई, मोठ्यांशी असं बोलू नये," ससा कुजबुजला. डुकरानेही नाक मुरडले.

खारीच्या अंगाचा तिळपापड झाला. ओढा हाकेच्या अंतरावर खळखळत होता आणि हा एवढा मोठा वैद्य तेवढे चालायलाही तयार नव्हता. वर बोलणारीच उद्धट ठरत होती. "मान तुमचा राखायचा, आणि जीव आमच्या लेकरांचा जाणार का?" एवढे बोलून तिने थोडा दगडीपाला तोडला आणि पिल्लाला पाठुंगळी घेऊन ती ओढ्यावर गेली. काठच्या रिठ्याचा फेस करून तिने आपले पंजे नखांच्या फटींपर्यंत चोळून धुतले, मग जखम धुतली आणि पाला ठेचून लावला. रोज दोन्ही वेळा ती तसेच करी. आठवड्याभरात पिल्लू पुन्हा फांद्यांवरून पळू लागले.

सशाचा कान मात्र सुजून केळफुलाएवढा झाला. तापाने फणफणलेल्या सशाला घेऊन वानर स्वतःच खारीच्या झाडाखाली आला.

"तू कोणतं औषध लावलंस?" त्याने विचारले.

"तुमचंच. दगडीपाला. फक्त हात धुऊन लावला."

वानर आपल्या तळव्यांकडे पाहत राहिला. नखांत काळा मळ साचला होता. "म्हणजे मागच्या वर्षीचं तुझं पिल्लू..."

"त्याचं आयुष्य तेवढं नव्हतं," खार म्हणाली. "माझा राग जाणार नाही, वैद्यबुवा. तो जावा असं मला वाटतही नाही. पण हा ससा अजून जिवंत आहे. उठा, हात धुवा."

वानर खाली मान घालून ओढ्यात उतरला. त्याने हात धुतले. खारीने नखे तपासली आणि त्याला परत पाठवले. तिसऱ्या खेपेला तिने मान हलवली, तेव्हाच तो सशाच्या कानाला शिवला. ससा वाचला. पुढे त्या पिंपळाखाली येणारा प्रत्येक जण आधी वैद्यबुवांचे हात पाही आणि मगच आपली जखम पुढे करी.

तात्पर्य : हाताला कितीही गुण असला, तरी मळका हात रोगच वाटत फिरतो. जखमेला वा घासाला शिवण्याआधी हात धुवावेत, आणि न धुणारा कितीही थोर असला, तरी त्याला तसे तोंडावर सांगावे.