आवडीनं नाव घेतलं

एक होती खाडी, आणि खाडीच्या काठी एकच झोपडी. पाय आत घ्या रे, गारठा आहे. तर त्या झोपडीत राहायची आवडी, तिचा नवरा धाकू नावाडी आणि म्हातारी सासू.

एकदा काय झालं, सकाळीच धुकं पडलं. असं दाट, की आपला हात आपल्याला दिसेना. धाकू होडी घेऊन पलीकडे गेलेला, आणि ओहोटी लागलेली. परतताना काठ चुकला की होडी थेट समुद्रात, मग कुठला धाकू! आवडी आणि सासू काठावर येऊन उभ्या राहिल्या.

तुम्ही म्हणाल, हाक मारायची. अरे शहाण्यांनो, धुक्यात खवीस हाका मारतो! म्हणून नावाड्यांचा नेमच होता, बरं का. हाक ओळखीच्या आवाजात हवी, नावानं हवी आणि तीनदा हवी. तोवर ओ द्यायची नाही. होडी लांब होती तेव्हाच सासूनं हाका मारमारून घसा बसवून घेतला होता. राहिली आवडी. आणि आवडी नवऱ्याचं नाव कसं घेणार? बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. ती आपली नुसतं "अहो! अहो!" करत होती.

एवढ्यात धुक्यातून एक पोरगी आली. पुढच्या काळातून वाट चुकलेली, तुमच्या मावशीसारखी पँट घातलेली. नाव तिचं सानिका. हातात काळी गुळगुळीत पाटी. ती कसली पाटी, ते तुम्हाला ठाऊक. आवडीला कुठलं ठाऊक!

सानिकानं पाटीवर बोट फिरवलं. भस्सकन पांढरा उजेड पडला. सासू मटकन खालीच बसली. उजेड धुक्यात अडकला, पाण्यापर्यंतही पोचेना.

"घाबरू नका हो, काही करत नाही ही," म्हणत सानिकानं पाटी आवडीसमोर धरली. तर पाटीत आवडीच! तशीच रडवेली.

"आवडे, सावली घेतली गं तुझी!" सासू बसक्या आवाजात म्हणाली. आवडी दोन पावलं मागे सरली.

मग सानिका म्हणाली, "ताई, त्यांचं नाव हिला हळूच सांगा. ओरडेल ती."

सावली घेतली, आता नाव मागते! आणि नाव ठेवूनच घेतलं तर? पण वल्ह्याचा आवाज लांब लांब चालला होता. आवडीनं डोळे मिटले आणि पाटीच्या कानात म्हणाली, "धाकू." मनात म्हणाली, मी नाही हं घेतलं, घेईल ती पाटी.

सानिकानं पाटी रिकाम्या घागरीत ठेवली. घागर घुमली, "धाकूऽऽ!" आवाज आवडीचा, आणि आवडीचं तोंड बंद! तिनं ओठांवर हात ठेवून पाहिला. "धाकूऽऽ!" वल्हं थांबलं. आता तिसरी हाक. "धा..." आणि पाटी विझली.

"चार्जिंग संपलं!" सानिका रडकुंडीला आली. आवडीला एवढंच कळलं, की तिसरी हाक राहिली. तिकडे वल्हं पुन्हा वाजायला लागलं, जोरात, आणि उलट्या दिशेनं.

मग आवडी धावली. कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि स्वतःच्या तोंडानं ओरडली, "अहो धाकूऽऽ! ओ द्या की हो!"

सगळं चिडीचूप. आवडीला वाटलं, गेला. मी नाव घेतलं आणि गेला.

आणि मग धुक्यातून, "ओऽऽ! आलो गं!"

होडी काठाला लागली. धाकू उडी मारून उतरला. "दोन हाका ऐकल्या," तो म्हणाला. "आवाज तुझा आणि वर माझं नाव! म्हटलं, ही कशाला नाव घेईल? खवीसच हा. पळत सुटलो. मग 'अहो धाकू' ऐकलं. खवीस कशाला अहो म्हणेल?"

सासू हसली, आवडी रडली. धुकं विरलं, तशी सानिका आपल्या काळात, आपल्या घरी गेली.

त्या दिवसापासून आवडी रोज त्याला नावानं हाक मारायची. आणि धाकू पार बोळका होईपर्यंत, नव्वद वर्षं जगला. सगळी सुखानं नांदली. चला, गोधडी ओढा, डोळे मिटा, आणि निजा आता.