इल्यापाताच्या वाटेचा वळसा

पेरूच्या डोंगरांत सोरामार्का नावाचे इंका लोकांचे जुने पडके नगर आहे. तिथे पायीच जावे लागते. वाटेत राहुट्या टाकत, एकेक गाव मागे टाकत चढत राहायचे. शेवटचे गाव इल्यापाता. इथपर्यंत दगडी पायऱ्यांची वाट सरळ वर येते. गाव संपताच मात्र ती एका खोलगट हिरव्या कुरणाला लांबलचक वळसा घालते. कुरणातून गेले तर पलीकडची कड हाकेच्या अंतरावर आहे. वळशाने चांगलीच दमछाक होते.

आमच्यातला एक जण थकून कुरणात उतरायला निघाला, तेव्हा आमच्या सामानाच्या खेचरांबरोबर चालणारे म्हातारे सेनोबियो यांनी त्याला हाताने थांबवले. ते याच गावचे. "इथून कोणी जात नाही," म्हणाले, आणि बसायला सांगून त्यांनी ही हकीकत सांगितली.

सोरामार्का बांधून होत आले होते, तेव्हाची गोष्ट असे सांगतात. इंका राजा सूर्याच्या सणाला तिथे येणार होता, म्हणून खालून रस्ता वर चढत होता. त्यावर पाउकार नावाचा अधिकारी नेमलेला होता. करडा माणूस, पण खोटा नव्हता. पावसाळ्याच्या दिवसांत तो इल्यापाताला पोचला आणि त्याने कुरणावरून सरळ दोरी ताणली. कुरण भरून काढायचे, वर फरशी घालायची, असा त्याचा बेत.

त्या कुरणात गावाच्या लामा विणीला येत. लामा म्हणजे उंच मानेचे, लोकरीचे जनावर. ओझे, लोकर, मांस, सगळे त्याच्याच जिवावर. चहूकडे वारा कापून काढतो, ओले पिल्लू उघड्यावर तासभरही टिकत नाही. वारा लागत नाही अशी तेवढीच एक जागा होती.

चिम्पू नावाची विधवा गावाचे कळप राखी. ती जाऊन दोरीच्या वाटेतच बसली. पाउकारने तिला उठायला सांगितले.

"उठते," ती म्हणाली, "पण वाट बाजूने न्या, बाबा. इथे आमची पिल्लं जन्मतात."

"बाजूने न्यायची तर दगड किती लागतील, ठाऊक आहे? माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत."

"वळशाचे दगड आमचं गाव वाहील."

पाउकार म्हणाला, "वाहा. पण सणापर्यंत वाट पुरी झाली नाही तर हे गाव इथे राहणार नाही. तुम्हा सगळ्यांना खालच्या गरम जंगलात नेऊन वसवीन. तसा मला हुकूम आहे." असे गावच्या गाव उठवणे त्या काळी नवीन नव्हते. गेलेली माणसे परत येत नसत.

संध्याकाळी गावाला हे कळले. मुखिया वामान हा चिम्पूचा दीर. तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. "दगड वाहायला आमच्या पाठी तू कोणाला विचारून दिल्यास?" त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी दगडाच्या खाणीवर चिम्पू आणि तिची सासू ओक्यो, दोघीच गेल्या. म्हातारी लहान दगड शालीत बांधून आणी. लोक उंबऱ्यातून बघत होते. पुढे एक शेजारीण आली, मग तिचा नवरा. त्या साली कुरणात पिल्ले सुखरूप जन्मली, ती उड्या मारताना बघून आणखी काही घरे आली. वामान सगळ्यांच्या शेवटी आला. त्याने सगळ्यांत मोठा दगड उचलला.

पाऊस सरला, थंडी पडली, आणि खाण संपली. वळसा मात्र अजून अपुरा होता. दुसरी खाण नदीपलीकडे. तिथून दगड आणीपर्यंत सण उलटून गेला असता. तेव्हा चिम्पूने आपल्या घराचे छप्पर उतरवले आणि भिंतीचे दगड काढायला घेतले. सासूने तिला अडवले नाही. उलट चुलीजवळचा दगड तिने स्वतः हलवला, असे सांगतात. मग गावातल्या प्रत्येक घराची भिंत गुडघ्यापर्यंत खाली आली. लोक जनावरांच्या कोंडवाड्यात, लामांच्या उबेला निजू लागले. त्या थंडीत ओक्यो गेली. एका सकाळी ती उठलीच नाही. तिला पुरून चिम्पू त्याच दिवशी पुन्हा कामावर आली. शेवटची पायरी सणाच्या आधी बसली.

आणि राजा आलाच नाही. उत्तरेला लढाई लागली होती, तो तिकडे निघून गेला. निरोप पाउकारनेच आणला. पडक्या भिंतींत बसलेली माणसे त्याने पाहिली आणि वामानला बाजूला घेऊन म्हणाला, "दगड काढून न्या. मी बघितलं नाही असं धरीन."

सगळे गाव जमले. काढावेत असेच बहुतेकांचे म्हणणे पडले. ते चूक होते असे सेनोबियो म्हणाले नाहीत. थंडी त्यांनाही ठाऊक आहे. शेवटी वामानने चिम्पूला विचारले, "तुझी सासू गेली. तू सांग."

ती म्हणाली, "राजाला दिले असते तर परत आणले असते. ते कुरणासाठी दिले. वाट उखडली तर पुढचा कोणी येऊन पुन्हा सरळ दोरी ताणेल."

वामान उठून ओढ्यावर गेला, आणि चिखल कालवून विटा पाडायला लागला. बाकीचे त्याच्यामागे गेले.

आजही इल्यापातात घरांच्या भिंती गुडघ्यापर्यंत दगडाच्या आणि वर मातीच्या विटांच्या असतात. नवे घर बांधायला घेतले की पहिला दगड घराला लागत नाही. तो वळशावर जातो, जिथे पायरी झिजली असेल तिथे. गेल्या वर्षी सेनोबियोंच्या मुलीने घर बांधले, तेव्हा तो दगड त्यांनी स्वतः पाठीवरून आणला होता. पुढे गेल्यावर त्यांनी तो दाखवला. बाकीच्यांहून जरा उजळ होता. आम्ही तो चुकवून पाय टाकू लागलो, तसे ते म्हणाले, "पाय द्या त्याच्यावर. त्यासाठीच बसवलाय."