गेनूची स्प्रिंग

शेवरगावात एक भोळा ट्रक ड्रायव्हर राहत होता. नाव गेनू. वय पस्तीस, लग्नाचा पत्ता नाही. स्थळं शोधून शोधून आईच्या चपला झिजल्या होत्या.

खड्ड्यात त्याच्या ट्रकचं स्टिअरिंग हाताला हिसके द्यायचं. हुसेन मिस्त्रीनं खाली दोन वस्तू बसवल्या आणि सांगितलं, "हा डॅम्पर. धक्का आला की गिळतो. ही स्प्रिंग. चाक कुठंही वळलं तरी ओढून मधोमध आणते. ज्याचं काम त्यानं करावं." गेनूला ते फार पटलं. माणसानंही असंच वागावं, असं त्यानं ठरवलं.

पहिल्या स्थळी मुलीच्या बापानं विचारलं, शिक्षण किती, जमीन किती, तंबाखू खाता का. गेनूला एकेक प्रश्न धक्क्यासारखा लागला. त्यानं सगळे गिळले. मुका जावई नको म्हणून पाव्हण्यांनी नारळ दिला.

मिस्त्री म्हणाला, "अरे, तिथं डॅम्पर कशाला झालास? बोलणं भरकटलं की मधे आणायचं. स्प्रिंग व्हायचं."

दुसऱ्या स्थळी कौसल्याचे आजोबा बोलता बोलता पेंगले आणि सतरंजीच्या कडेला कलंडले. गेनूनं त्यांना बगलेत धरून ओढत मधोमध आणलं. ते पुन्हा कलंडले. यानं पुन्हा आणले. बाप लालबुंद झाला, पण कौसल्याला हसू आवरेना. करीन तर यालाच, म्हणाली. लग्न ठरलं. मिस्त्री खूश झाला आणि आता स्प्रिंगच राहा म्हणाला. इथंच घोटाळा झाला.

सप्तपदी आली. सात पावलं झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. गेनूनं पहिलं पाऊल टाकलं आणि तो परत जागेवर आला. भटजींनी पुन्हा पुढं धाडला. तो पुन्हा परत आला. गाठ बांधलेली कौसल्याही पुढं आणि मागं. दहा वेळा झालं तरी पाऊल पहिलंच. सासरा पोरीला घेऊन घरी निघाला. गेनूची आई रडायला लागली.

गर्दीतून मिस्त्री ओरडला, "गेन्या, आधी ती स्प्रिंग काढ."

गेनू तडक मांडवाबाहेर गेला. मागं शालू सावरत कौसल्या. तो ट्रकखाली शिरला आणि बाशिंगासकट डोकं बाहेर काढून म्हणाला, "कौसल्या, जरा पान्हा दे." तिनं दिला.

स्प्रिंग काढून दोघं परत आली. आता गेनू झरझर चालला. सात पावलं पुरी झाली. आईनं डोळे पुसले. भटजी म्हणाले, झालं लग्न, फिरा मागं.

पण मागं आणणार कोण? स्प्रिंग तर ट्रकखाली पडलेली. गेनूनं आठवं टाकलं, नववं टाकलं, मांडव संपला, वेस संपली. एकशे बारावं पाऊल ओढ्यात पडलं, कौसल्यासकट.