हैबतीचं मनगट

एका गावात एक भोळा हैबती होता. नाव हैबती, पण त्याला बघून वाटेतली कोंबडीसुद्धा बाजूला होत नसे. अंगानं दणकट, मनानं निर्मळ, आणि डोक्यानं... आता काय सांगायचं! एकदा त्याची आई साळूबाई त्याला म्हणाली, "हैबत्या, मी पाण्याला जाऊन येते. तवर भाकरीवर लक्ष ठेव." ती परत आली, तर टोपलं रिकामं.

"भाकरी कुठं गेली रं?"

"कुत्र्यानं नेली."

"आन् तू काय करत होतास?"

"लक्ष ठेवत होतो की. त्यानं आधी वरची उचलली, मग खालची. बांधाच्या कडंला बसून खाल्ली. एक तुकडा कडक होता, तो चावताना मान वाकडी करत होता. समदं नीट बघितलं."

साळूबाईनं कपाळावर हात मारला. दुसरं काय करणार?

सांगितलं ते करायचं, हा हैबतीचा नेम. गाव त्याला वेडा म्हणायचं. पण वेडा नव्हता हो तो. त्याच्या मनात वच्छी होती. वच्छी म्हणजे त्याच्या येसाजीमामाची लेक, पलीकडच्या गावची. तिचं नाव निघालं की ह्याचे कान लाल व्हायचे आणि घास हातातच राहायचा. साळूबाईलाही भावाचीच लेक सून म्हणून हवी होती. पण मामा पक्का गडी. तो म्हणाला, "अक्का, भाचा माझाच हाय, मला काय जड झालाय? पण हा कुठं कामाला टिकत न्हाई. एका जागी टिकू दे, मग मी येऊन माझ्या डोळ्यांनी बघतो. काम नीट करताना दिसला तर तिथंच सुपारी फोडतो. न्हाई दिसला तर वच्छीला दुसरं स्थळ बघतो. मग रुसायचं न्हाई."

आता गावाच्या वरच्या अंगाला एक माळ होता. तिथं शहरातली मंडळी येऊन गोल्फ खेळत. सगळीकडे हिरवंगार गवत, मधे मधे वाळूचे खड्डे, लांब कुठंतरी एक भोक, आणि भोकात उभा केलेला झेंडा. काठीनं चेंडू मारत मारत त्या भोकापर्यंत न्यायचा, आत घालायचा, आणि घातला की लगेच बाहेर काढायचा. "मग घालता कशाला?" असं गावानं सुरुवातीला विचारून बघितलं. कुणी धड उत्तर देईना, तेव्हा गावानं विचारणं सोडलं. तिथं साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी वाहायला माणूस लागे. त्याला कॅडी म्हणत. हैबती कॅडी झाला, आणि त्याच्या वाट्याला आले कारखानीस साहेब.

कारखानीस साहेब रिटायर झालेले. त्यांना चेंडू मारता येत नसे, पण शिकवता फार सुंदर येई. त्यांना लांबून बघितलं की बाकीचे साहेब वाट बदलत. हैबती कुठं जाणार? पिशवी त्याच्याच खांद्यावर.

"हैबती," साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा सगळा खेळ मनगटात आहे बघ. काठी आवळायची नाही. हातात चिमणीचं पिल्लू धरलंय असं समजायचं. आवळलंस की मेलं! मनगट सैल. एकदम सैल."

साहेबांनी सैल मनगटानं काठी फिरवली. चेंडू जागेवर राहिला, काठी झुडपात गेली.

"आसं व्हय!" हैबती म्हणाला. त्याला फारच पटलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "म्हशीला पाण्यावर घिऊन जा. दावं धर." हैबतीनं दावं दोन बोटांत अलगद धरलं. म्हैस दोन पावलं चालली. तिला काहीतरी वेगळं वाटलं. तिनं मागं वळून बघितलं, आणि निघाली की. सरपंचाच्या अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावरून गेली, आणि पुढं मेथीच्या वाफ्यात जाऊन निवांत बसली.

"अरं, दावं सुटलं कसं तुझ्या हातनं?" आई धापा टाकत आली.

"सुटलं न्हाई. सैल धरलं होतं. आवळलं असतं तर मेलं असतं."

"कोण मेलं असतं?"

"पिल्लू."

"अरं माझ्या कर्मा! दोन्ही हातांनी गच्च आवळायचं, पाय रोवून उभं ऱ्हायचं, आन् कुणी कितीबी बोंबललं तरी सोडायचं न्हाई!"

"आसं व्हय!" हैबती म्हणाला. "मग आधी सांगायचं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी काय नवल झालं! साहेबांचा चेंडू चक्क भोकाच्या जवळ जाऊन पडला. साहेबांचा स्वतःचाच विश्वास बसेना. आता हळूच एक टोला दिला की चेंडू आत. तिथं रीत अशी, की कॅडीनं झेंडा धरून उभं राहायचं, म्हणजे भोक कुठं आहे ते दिसतं, आणि चेंडू जवळ आला की झेंडा काढून घ्यायचा. साहेब म्हणाले, "हैबती, झेंडा धर." हैबतीनं दोन्ही हातांनी गच्च आवळला आणि पाय रोवले. साहेबांनी श्वास रोखून हळूच टोला दिला. चेंडू निघाला. सरळ निघाला.

"काढ! झेंडा काढ!"

हैबती हलला नाही.

"अरे सोड! सोड म्हणतोय ना!"

"कितीबी बोंबला साहेब, सोडायचा न्हाई."

चेंडू येऊन झेंड्याच्या काठीवर टकन् आपटला आणि बाजूला झाला. साहेब मटकन् गवतावर बसले. रागावलेसुद्धा नाहीत बिचारे. म्हणाले, "किती दिवसांनी एक चेंडू सरळ गेला होता रे. अरे, गोल वस्तू घरंगळत आली की आपण काठी उपसायची आणि ती घेऊन लांब पळायचं. विचार करत बसायचं नाही."

"आसं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई का?"

त्या संध्याकाळी शेजारी बारसं होतं. अंगणात मांडव घातला होता. वारा सुटला, म्हणून कुणीतरी हैबतीला मधला बांबू धरायला सांगितलं. हा धरून उभा राहिला. हाले ना डुले. बायका म्हणाल्या, "साळूबाई, तुझं पोरगं शाणं झालं बाई." साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भावाला सांगावा धाडावा का, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात पंगत बसली, वाढपी घाईनं आला, आणि त्याच्या ताटातला एक बुंदीचा लाडू निसटून सतरंजीवर पडला. पडला तो गडगडत थेट हैबतीच्या दिशेनं.

हैबतीनं विचार केला नाही. बांबू उपसला आणि पळाला.

सगळा मांडव पंगतीवर बसला. कापडाखाली नुसता कालवा. कुणाचा हात कुणाच्या आमटीत, हेच कळेना. पाळण्यातलं बाळ तेवढं खुदुखुदु हसत होतं. आत्या त्याच्या कानात नाव सांगणार होती, ती घाबरून नावच विसरली.

साळूबाई कापडाखालून बाहेर आली ती केसांत भात घेऊनच. "मेल्या! तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? जे जिथं हाय ते तिथंच ऱ्हाऊ द्यायचं! कश्शाला म्हणून हात लावायचा न्हाई!"

"आसं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई का?"

सकाळी साहेब माळावर चालत चालत लांब गेले. चेंडूपाशी उभं राहून मागं हात केला. "काठी दे." हैबती मागं उभा होता, दोन्ही हात मोकळे.

"पिशवी कुठाय?"

"जिथं हाय तिथंच हाय."

"अरे, पण आणली का नाहीस?"

"कशाला हात लावायचा न्हाई साहेब. जे जिथं हाय ते तिथंच ऱ्हाऊ द्यायचं."

साहेब रागावणार होते, पण थबकले. त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर आमच्या खेळातला सगळ्यात मोठा नियम! कुणी शिकवला तुला?"

"आयेनं."

"तुझी आई गोल्फ खेळते?"

"न्हाई. रडते."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, हा नियम पिशवीचा नाही. पिशवी उचलायची. हा नियम पडलेल्याचा आहे. जो पडला, तो जिथं पडला तिथूनच काढायचा, आणि काठीनंच काढायचा. चिखलात पडो, वाळूत पडो, हात लावायचा नाही. वाळूत पडला तर सगळ्यात अवघड. ये, दाखवतो."

हैबती पळत जाऊन पिशवी घेऊन आला, तसे साहेब काठी घेऊन वाळूच्या खड्ड्यात उतरले. "पाय वाळूत घोळवून घट्ट करायचे. काठी मागं नेताना मनगट मोडायचं, पण सैल. तेच ते, चिमणीचं पिल्लू. नजर खाली. फटका थोडा मागच्या बाजूला, वाळूत बसला पाहिजे. आणि मधेच थांबायचं नाही, काठी पार खांद्यावर गेली पाहिजे. वाळूसकट उडून बाहेर येतो." साहेबांनी फटका मारला. चेंडू जिथल्या तिथं, आणि खड्ड्यातली निम्मी वाळू साहेबांच्या तोंडात. ती थुंकून ते म्हणाले, "समजलं?"

"समजलं. आन् भायेर आल्यावर?"

"बाहेर हिरवळीवर आला की सोपं. मग छोटी काठी घ्यायची आणि हळूच भोकाकडे ढकलायचा."

ह्या वेळी मात्र नशिबानं साथ दिली. साहेबांचा चेंडू रोज वाळूतच पडायचा, त्यामुळे हैबतीचा धडा चुकायला जागाच राहिली नाही. साहेब चहाला गेले की हा एकटा खड्ड्यात उतरून वाळू उडवायचा. माळावर कुणाची तक्रार नाही, घरी म्हैस जागेवर. साळूबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि भावाला सांगावा धाडला, "पोरगं टिकलं. ये बघायला."

येसाजीमामा आला. धोतर पांढरं, सदरा पांढरा, फेटा पांढरा, आणि अंगानं चांगला गरगरीत. बहिणीबरोबर माळ चढून वर आला आणि बघतो तर काय, भाच्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर पिशवी, आणि एवढा मोठा साहेब त्याच्याशी खांद्यावर हात टाकून बोलतोय. मामा हरखला. "अक्का, पोरगं माणसात आलं की गं! सुपारी आणलीय मी खिशात. आज फोडूनच टाकू." साळूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

साहेब चेंडू शोधायला झुडपात शिरले. मामा भाच्याला हाक मारायला दोन पावलं पुढं झाला. कडेचं गवत त्याच्या वजनानं खचलं, आणि मामा घसरत थेट वाळूच्या खड्ड्यात. बसला तो असा रुतून बसला की उठता येईना.

"हैबत्या! अरं पळ लवकर! हात दे!"

हैबती पळत आला. त्याच्या मनात आलं, मामा काम बघायला आलाय. आज चुकलं तर वच्छी दुसऱ्या घरी जाईल. आज चुकायचं नाही म्हणजे नाही. त्यानं खात्री करून घेतली. "साहेब," तो ओरडला, "वाळूत पडल्यावर हात लावायचा न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही!" झुडपातून आवाज आला.

"मामा, हात लावता येत न्हाई. पर काळजी करू नगा, काढतो तुमास्नी."

त्यानं पिशवीतनं काठी उपसली. मामाला वाटलं, काठी पुढं करणार, तिला धरून उठायचं. त्यानं आपला हात लांब केला.

"हात आत घ्या मामा. गोल व्हा. आन् आजिबात हलू नगा."

"गोल कशाला रं?" मामा वळायला लागला.

हैबतीनं पाय वाळूत घोळवले. नजर खाली. फटका कुठं? थोडा मागच्या बाजूला. काठी मागं नेली, मनगट मोडलं, सैल, चिमणीचं पिल्लू जिवंत. आणि दिला फटका!

वाळू उडाली. वाळूबरोबर मामा उडाला. जो माणूस दोन्ही हात टेकून उठत नव्हता, तो "मेलो!" म्हणत एका उडीत खड्ड्याबाहेर हिरवळीवर जाऊन पडला. हैबतीची काठी पार खांद्यावर गेली होती, जशी जायला हवी तशी.

साहेब तेवढ्यात झुडपातून बाहेर आले. त्यांनी फक्त फटका बघितला. त्यांच्या अंगावर काटा आला. "मनगट!" ते ओरडले. "अहो, बघा, बघा ते मनगट! आयुष्यात असं मनगट बघितलं नाही मी!"

मामानं मनगट बघितलं नाही. तो दोन्ही हात मागं धरून उठला, फेटा तिथंच टाकला, आणि धोतराचा सोगा उचलून पळत सुटला. पळता पळता ओरडत होता, "अक्का, माझी लेक मी जन्मभर घरात बसवीन, पर ह्या घरात देणार न्हाई! फुटली तुझी सुपारी!"

साळूबाई खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. "गेली गं बाई! हातातोंडाशी आलेली सून गेली! आता कशी यायची ती?"

आईला रडताना बघून हैबतीला गलबलून आलं. त्यानं मोठी काठी पिशवीत ठेवली, छोटी काठी बाहेर काढली आणि मामा पळत होता तिकडं हाताचा आडोसा करून नीट बघितलं.

"रडू नगंस आये," तो म्हणाला. "अवघड काम झालं. मामा हिरवळीवर हाय, आन् सरळ भोकाकडंच चाललाय. आता हळूच एक देतो, की बसलाच आत."